टवका

झिपरू कुंभाराच्या ओसरीवर मी फोटो ठेवला.
इटलीतल्या कुठल्याशा गावचा साचा,
दोन हजार वर्षांपूर्वीचा.
भाजल्या मातीचा जाड वाडगा,
आणि आतल्या अंगाला, उलट्या, खोल,
नाचणाऱ्या बाया, द्राक्षांचा वेल, एक बोकड.

मी सांगू लागलो, की आधी ठसे केले,
ते ओल्या वाडग्यात आतून दाबले,
वाडगा भाजला, मग चाकावर ठेवून त्यात
"माहीत शे," तो म्हणाला. "फुडं?"

पुढचं मला फारसं येत नव्हतं.
मी गिरणाकाठच्या पांढरीवर खापरं रेखाटतो,
काठाची जाडी, बुडाचा व्यास,
दिवसाला चाळीस, रोजंदारीवर.

त्याने फोटो उन्हाकडे तिरपा धरला
जणू कागदालाही खोली असावी,
बोकडाच्या पाठीवरून अंगठा फिरवला.
"हाऊ गडी डावखुरा शे.
मन्हा बाप बी डावखुरा व्हता."
ठशांची एकच कड खोल गेलेली, दाखवली.
नाचणारणींची नाकं बुजलेली, तीही.
फार राबवलाय म्हणे हा साचा,
मालकाने वेळेवर टाकायला हवा होता.

कडेला अक्षरं होती. मी वाचली:
वर कारखानदाराचं नाव, खाली त्याच्या गुलामाचं.
"हाई कोनी बनाडं?"
खालच्याने.
"मंग तो वर काबरं नही?"

कौतिकबाई तेवढ्यात आतून घेऊन आली
जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला
त्यांच्या गुलाबाईचा साचा.
शंकर, गुलाबाई, मांडीवर बाळ,
तिघंही खड्डे.
नाक म्हणजे करंगळीचं टोक मावेल असा खळगा.
आणि गालावर एक टवका,
बावीस वर्षांपूर्वी सुकलालच्या हातून पडला तेव्हाचा.

साच्याचं जे जातं ते मूर्तीला येतं.
साच्यात डावीकडे, मूर्तीत उजवीकडे,
त्या भाद्रपदापासून गावातल्या झाडून साऱ्या गुलाबायांना
गालावर मस.
पहिल्या वर्षी गिऱ्हाईक कुरकुरलं,
एका बाईने आठ आणे कापले.
पुढे कुणी बोललं नाही.
मागल्या साली जळगावहून रबरी साचा आणला,
सुरीने कापल्यासारख्या कडा, गाल लोण्याचे.
पोरींनी पाटीत डोकावून बघितलं,
"ही आमची नाही" म्हणाल्या
आणि टिपऱ्या वाजवत निघून गेल्या.
आता कौतिकबाई प्रत्येक ओल्या गालावर
मोहरीएवढी माती लावते.
चौऱ्याऐंशी मूर्ती, चौऱ्याऐंशी मोहऱ्या.
कंबर दुखते म्हणते.

माती वाळताना आखडते,
म्हणून तर साचा तिला सोडतो, ओढावं लागत नाही,
राखेची एक चिमूट पुरते.
पण साचा फुटला की मूर्तीवरूनच नवा घ्यायचा,
आणि देवी दर वेळी थोडी लहान होते.
झिपरूच्या आज्याची वीत आणि चार बोटं.
ही नुसती वीत.
मी हिशेब करायला लागलो, किती पिढ्यांनी ती
तांदळाच्या दाण्याएवढी होईल.
त्याने केला नाही. पऱ्हाट्या आव्याकडे सरकवल्या.

साच्याची पाठ ओबडधोबड,
तिथे कुणी बघत नाही.
तिथे बापाची चार बोटं रुतली आहेत,
माती दाबताना जशी पडली तशी.
झिपरूने उजवा हात लावला, बसेना.
मला म्हणाला, तुम्ही लावा, डावा.
मी लावला. बोटं गेली, पण आवळ.
तो हसला. "आखडनी ना माती."

रात्री तंबूत कंदील जवळ ओढून
खापरांची वही उघडली,
आणि हाताने सवयीने रकाने भरले.
वस्तू: साचा, भाजलेला.
काळ: मोकळा सोडला.
स्थिती: वापरात.
दोष, यापुढे लिहिलं "गालाला टवका"
आणि खोडलं.