चॉकलेट, वीस काड्या

पाकिटावर लिहिलंय: चॉकलेट. वीस काड्या. एक पौंड.
स्पेलिंगमधलं एक अक्षर गळालेलं,
पण चित्र ठसठशीत, तपकिरी वडी, तिच्यातून निघणारी वाफ,
जशी कुठल्याच वडीतून कधी निघत नाही.

बेरिल प्लमस्टेडच्या खोलीतून हा वास
जिना चढून माझ्या दारापाशी येतो रोज पाचला,
मी रात्रपाळीचे बूट घालत असतो तेव्हा.
आधी गोड. मग फारच गोड.
मग करपल्या पातेल्याचा, मग थोडा प्लास्टिकचा,
आणि सगळं विझल्यावर
ओल्या पुठ्ठ्याचा.

मंगळवारी धुराचा गजर कोकलू लागला.
खाली गेलो, भांडायच्या तयारीनं.
ती खुर्चीवर उभी, लाटण्यानं गजराला ढोसत,
एक्क्याऐंशी वर्षांची, पायांत एकच सपाता.
"उतरा आधी," मी म्हटलं.
"आधी तू बटण दाब," ती म्हणाली.

दाबलं.
मग दिसला कोट.
दारामागच्या आकड्याला, पुरुषाचा, करडा, अस्तर उघडं,
आणि त्याच्या बरोबर खाली, स्टुलावर,
अर्ध्या बटाट्यात खोचलेल्या चार काड्या.

क्लिफर्ड भाजणीवर होता, तिनं सांगितलं.
बसमध्ये माणसं त्याच्या शेजारी जागा धरायची.
पोरं मागे लागायची, खिसे चाचपायची.
त्याला स्वतःला कधी काही आलं नाही नाकात,
घरी आला की विचारायचा, आज येतोय का गं?
जसं कुणी विचारावं, बाहेर पाऊस आहे का.

कारखाना पाडला. तिथे आता गाड्या उभ्या असतात.
गावातून वास आठवडाभरात गेला,
कोटातून मात्र सावकाश, बाही बाही करत,
कॉलरपाशी सगळ्यात शेवटी.
तोवर क्लिफर्डही.

"म्हणून हे?" मी विचारलं. "दुधाची तहान..."
"छे!" ती चिडली. "हा त्याचा वासच नाही.
एकतीस वर्षं वड्या गुंडाळल्यात मी.
हा कसला वास आहे हे मला तू सांगणार?"

काडीवरची राख वाकली. पडली नाही.

"त्रेसष्टची थंडी. नदी गोठलेली.
तिसऱ्या भट्टीचा काटा अडकला आणि अख्खा घाणा जळाला.
आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, बर्फात,
मी नुसत्या एप्रनवर, एकोणीस वर्षांची, दात वाजतायत.
एक काळवंडलेला पोरगा आला,
कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला,
म्हणाला, सॉरी हं. तो घाणा माझाच.
त्या कोटाला होता हा वास.
अगदी हाच. करपलेला, गोड, आणि त्यात रबर जळाल्यासारखं काहीतरी.
हा कोट तो नव्हे. हा नंतरचा."

मी खिडकी बोटभर उघडली.
तिनं ती लगेच अर्धं बोट केली.

"पण चार का?" दारातून विचारलं मी.
"तीन काड्यांत," बेरिल म्हणाली,
"तो अजून आतच असतो. भट्टीपाशी."

रात्री दोनला वॉर्डमध्ये
सात नंबरचे आजोबा अर्धवट जागे झाले.
मी उशी सारखी करत होतो.
त्यांनी माझी बाही हुंगली, पुन्हा हुंगली.
"कुणाचा केक करपला रे?"
"क्लिफर्डचा," मी म्हटलं.
"बिचारा," म्हणाले,
आणि कुशीवर वळले.