नावाचं भाडं

कुंकळ्ळीच्या बाजारात, मासळीच्या शेडमागे,
शॅनेल दा कॉस्ताचं झेरॉक्सचं दुकान.
प्लास्टिकच्या दोन स्टुलांवर बसून
आम्ही नाव शोधतोय, मी आणि बाबा.
बाबांनी पिशवीतून एक विळी आणलीय
वर्तमानपत्रात गुंडाळून.
कशाला, तर
दाखवायला लागली तर जवळ असावी.

'विळी' लिही, मी म्हटलं.
शॅनेलने लिहिलं: व्ही, आय, एल, आय.
बाबा पडद्याकडे वाकले.
हे तर विली झालं.
इंग्रजीत ळ नाही, बाबा.
ते जरा गप्प. मग म्हणाले,
ल म्हणजे धार न काढलेला ळ.

तेही नाव गेलेलं होतं.
कोण करतो तिथे विळ्या?
कुणीच नाही. उघडलं तर कोरं पान,
मधोमध एक ओळ: विक्रीस आहे.
अडीच हजार डॉलर.
मला आमच्या घरामागचं भाट आठवलं,
गडग्यावर पाटी, आत नुसतं रान,
आणि लिस्बनला राहणारा मालक
ज्याला यंदा नारळ किती पडले तेही ठाऊक नाही.

मग गावाचं नाव जोडून पाहिलं.
त्यातले दोन ळ एकाच एलमध्ये मावले
आणि शेवटी आला एम.
तो कुणी उच्चारत नाही.
पोर्तुगीज गेले, एम राहिला,
पाहुणा गेल्यावर खुंटीवर राहिलेल्या छत्रीसारखा.
शॅनेल म्हणाली, लोक एम विसरतील
आणि दुसऱ्याच्याच दारात जातील,
एमचं घ्या, बिनएमचंही घ्या.
एका घराला दोन उंबरठे? बाबा म्हणाले.

डॉट कॉम, डॉट इन, डॉट शॉप.
डॉट ऑनलाइन पहिल्या वर्षी नव्व्याण्णवला,
जत्रा उठताना उरलेलं खाजं विकतात तसं.

हे टिंब कशाला?
मी सांगायला लागले आणि अडले.
बाबांनी वर्तमानपत्र सोडलं.
पातं लाकडात शिरतं तिथे, मुळाशी,
पोगराने ठोकलेलं एक टिंब.
आजोबांचं.
वासू मेस्तांना लिहिता येत नव्हतं.
मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्ताला बायका
विळी उलटी करून आधी टिंब बघायच्या,
मग दर विचारायच्या.

शॅनेलने न विचारताच टाईप केलं: वासूमेस्त.
हिरवी खूण. मोकळं आहे.
या नावात ळ नाही, एवढंच मला दिसलं.
बाबांना काय दिसलं कोण जाणे,
ते चष्मा पुसत होते.

कायमचं घ्यायला किती?
कायमचं नसतं, अंकल. वर्षाचं. फार तर दहा वर्षांचं.
मागीर?
पुन्हा पैसे भरायचे. चुकलात तर दुसरा कोणी घेईल.
म्हणजे मुंडकार, बाबा म्हणाले.
आजोबांनी मामलेदाराच्या कचेरीत
एकोणीस वर्षं खेपा घातल्या
तेव्हा घराखालची जमीन नावावर झाली.
आता जमीन आपली,
आणि नाव भाड्याचं.

शॅनेल हसली. मी नाही.

ओटीपी बाबांच्या फोनवर आला.
भट्टीपाशी माप सांगतात
तसा एकेक आकडा त्यांनी सुटा सांगितला:
चार. परत चार. शून्य. नऊ.
थांब, पुढचा दिसत नाही.
तोवर वेळ संपली. दुसरा मागवला.

घरी येऊन त्यांनी कोळशाचा तुकडा उचलला.
भट्टीच्या भिंतीवर, जिथे घरपट्टी,
विजेचं बिल आणि पोलादाच्या पट्ट्यांची उधारी असते,
त्याखाली लिहिलं:
नाव, सतरा नोव्हेंबर, दर वर्षी
आणि पुढे टिंब दिलं,
इतक्या जोरात की कोळसा मोडला.