काढू नका

फाइल लिहायच्या सात तऱ्हा होत्या आमच्याकडे.
मोजल्या मी, शेफील्डला, वॉकलीच्या उतारावरच्या घरात,
साडेनऊला हीटर आपोआप बंद झाल्यावर
पायात दोन-दोन मोजे चढवून.

‘लिही’, ‘लिहून टाक’, ‘जपून लिही’,
‘पूर्वीसारखं लिही’,
एक नुसती स्वल्पविरामांची,
एक आधी खोट्या नावाने लिहून मग खरं नाव देणारी,
आणि एक, जी बाकी सहांपैकी कुणाला तरी हाक मारते
आणि स्वतः काहीच करत नाही.
(असे लोक मी हापिसात पाहिलेत. त्यांना बढती मिळते.)

शब्द मोजायची लायब्ररी ही. फुकट.
कुणाचीच नाही, म्हणजे
शनिवारी रात्री ज्याला दुसरं काही नाही, त्याची.
ॲबर्डीनची मोराग गेडी तीत घालते
हेरिंग साफ करणाऱ्या बायकांची जुनी पत्रं
आणि बघते, ‘थंडी’ किती वेळा आली, ‘पैसे’ किती वेळा.
मी एकदा मराठी घातलं होतं.
तिघींनी नीट लिहिलं.
दोघींनी वेलांट्या खाल्ल्या.
एकीने पानभर प्रश्नचिन्हं मांडली,
जणू विचारणारी मीच होते.
सातवी कोण, ते सांगायला नको.

शेजारच्या ब्रेंडा स्टॅनिफोर्थ, वय एक्याऐंशी,
पंधराव्या वर्षापासून चमच्यांना झिलई करायच्या,
अंगाला तपकिरी कागद गुंडाळून.
निळा डबा बाहेर ठेवताना कुंपणावरून म्हणाल्या होत्या,
घासणं सोपं गं, थांबणं अवघड.
एक हात जास्त फिरला की काट्याचं टोक गेलं.

अकरापर्यंत सहा जणी गेल्या.
चारशे तीस ओळींच्या एकसष्ट झाल्या.
मग ही एक सापडली, तिच्या डोक्यावर टीप:
‘काढू नका. का ते आता आठवत नाही. गेथिन, २०१३.’
आठवत नाही, तर ठेवायची कशाला?
काढली.

चारशे बारा तपासण्या हिरव्या. एक लाल.
विंडोजवर, मोरागच्या फाइलीत:

थंडी फार आहे, इसबेल

बोटांच्या चिरांत मीठ जातं

चिंध्या बांधून काम करतो

पैसे शनिवारी

प्रत्येक ओळीमागे एक रिकामी ओळ,
कुणी न लिहिलेली.
खोटं कशाला बोलू, छान दिसत होतं.
श्वास घेतल्यासारखं.
पण त्या बायकांना मध्ये श्वास घ्यायला
कुणी सांगितलं नव्हतं,
आणि मोरागला ओळी मोजायच्या होत्या.

ओळ परत ठेवली.
टीप तेवढी बदलली:
‘काढू नका. काढली तर विंडोजवर
दर ओळीमागे एक रिकामी ओळ उगवते.’

आता एकच उरली आहे, ‘लिही’.
काय ते सांगायचं, कुठे ते सांगायचं. बस.

गेथिनला कळवलं.
चार दिवसांनी कार्डिफहून दोन वाक्यं आली:
अच्छा, ते होय. बरं झालं काढली नाहीस.

काढली होती, हे मी त्याला सांगितलं नाही.
इतिहासात नोंद आहेच,
रात्री अकरा सत्तेचाळीसची,
ज्याला बघायचंय त्याने बघावी.