मुली ब्वांजी

जीपमध्ये सहा जण, जोडीजोडीने.
मी सातवी,
शीतपेटीला गुडघा टेकून बसलेली.
खड्डा आला की आतल्या बाटल्या किणकिणतात
आणि बेल्जियमचे आजोबा मागे वळून विचारतात,
"सगळं ठीक?"
मला की पेटीला, कळत नाही.

एकटीचं भाडं दीडपट.
का, म्हणून ईमेल केला होता,
उत्तर आलं : तंबू दोघांचाच असतो.
होताच. दोन खाटा, दोन कंदील,
दोन शिट्ट्या, रात्री हत्ती दाराशी आला तर फुंकायला.
पहिल्या रात्री मी पलीकडच्या खाटेवर
उशीला पांघरूण घालून झोपवलं.
हसू आलं.
मग नाही आलं.

पहाटे पाचला, मिट्ट काळोखात,
गरम पाण्याचं घमेलं बाहेर ठेवून
कापडापलीकडून लामेक म्हणाला,
"मुली ब्वांजी?"

मी ताडकन उठून बसले.
अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला
या प्रहरी मुली कोण म्हणतं?
तसं म्हणणारं शेवटचं माणूस तर
मी मार्चमध्ये पोचवून आले होते.

योतामनं गाडी हाकता हाकता उलगडा केला :
न्यांजा भाषेतली साधी विचारपूस, कसे आहात.
माणूस एकटं असलं तरी अनेकवचन. मानाचं.
"तुमच्या भाषेत आहे असं?"
आहे, म्हटलं.
आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

लुआंग्वाच्या चिखलात मानेपर्यंत रुतलेला
एक म्हातारा रानरेडा, कळपातून सुटलेला.
"काकुली," योताम कुजबुजला.
शब्द काकुळतीच्या शेजारचा वाटला,
पण त्याच्या डोळ्यांत ती नव्हती.
"एकटा असतो ना, तोच सगळ्यांत धोक्याचा."
सहाही जणांनी हळूच माझ्याकडे पाहिलं.
मी शिंगं असल्यासारखी मान झुकवली.
जीप हसून हसून हलली,
आणि तिथून पुढे काजूची पिशवी
आधी माझ्याकडे येऊ लागली.

बिबट्या दिसला तेव्हा
तिन्ही जोडप्यांचे फोटो मीच काढले.
दोनदा. एकदा बिबट्यासकट.

रात्रीच्या फेरीत दिवा लामेककडे.
झाडांवरून, गवतावरून उजेड फिरवायचा,
डोळे चमकले की थांबवायचा.
सशावर थांबला. साळिंदरावर थांबला.
हत्तींच्या कळपाशी मात्र
त्यानं दिवाच विझवला.
डॅनिश बाई चुकचुकल्या : एवढे जवळ होते!

मी नंतर शेकोटीपाशी विचारलं.
तो आधी नियम सांगत होता, मग म्हणाला,
"त्यातली कान फाटलेली आहे ना,
जुलैत तिनं माझ्या आईची कणगी फोडली.
वर्षाचा मका.
आईनं रात्रभर पत्र्याचा डबा बडवला.
आता तिला आम्ही सगळेच ओळखतो.
आईनं नावही ठेवलंय."
काय नाव?
"पाहुण्यांसमोर सांगण्यासारखं नाही."
त्याच्या हातात तोच दिवा होता, गार झालेला.
मी हत्ती पाहायला किती पैसे भरले
हे त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
निखाऱ्यात काटकी सरकवत बसलो दोघं.

योतामनं उत्तरं दोन शिकवली होती.
न्दिली ब्वीनो : मी बरी आहे.
तिली ब्वीनो : आम्ही बरे आहोत.
कुठलं द्यायचं, चार दिवस ठरेना.
रोज नुसतीच "थँक यू" म्हणत आले.

शेवटच्या पहाटे जागीच होते.
दुसरी खाट रिकामी, उशी आपल्या जागी.
घमेल्याचा आवाज. पाण्याची वाफ. पावलं थांबली.
"मुली ब्वांजी?"

मी म्हटलं,
"ओ."

बाहेर लामेक क्षणभर घुटमळला.
त्याच्या भाषेत ओ म्हणजे काय,
विचारायचं राहूनच गेलं.