बर्फ नावाचा फोल्डर

'अशी कोणतीही फाईल किंवा फोल्डर नाही.'
नाही म्हणे!
डावीकडच्या यादीत, तिसऱ्या ओळीवर
मांडी घालून बसलाय की समोर.

तार्तूमधला डिसेंबर. दुपारी तीनलाच
उजेडानं दुकान आवरतं घेतलंय.
स्क्रिप्ट माझी, चाळीस ओळींची.
आकडे हाइनो राउडसेपचे, एकतीस हिवाळ्यांचे:
पेइप्सी सरोवरावर दर शनिवारी
गिरमिटानं भोक पाडून मोजलेली बर्फाची जाडी.
हाइनो सप्टेंबरात गेला.
मुलीनं सगळं झिपमध्ये बांधून पाठवलं, सोबत एक ओळ:
बाबांचं हे तुम्हालाच कळेल.

आधी वाटलं, मीच भलतीकडे उभी राहून हाक मारतेय.
होतं असं. प्रोग्राम चालत असतो एका घरातून
आणि आपण पत्ता सांगतो शेजारच्या जिन्यापासून.
विचारलं त्याला, बाबा रे, तू आत्ता आहेस कुठे?
त्यानं सांगितलं. जागेवरच होता.
मग मुळापासून अख्खा पत्ता लिहिला,
तिरक्या रेघा उलट्या केल्या, परत सुलट्या केल्या.
परवानग्या पाहिल्या. वाचायला कुणालाच मज्जाव नव्हता.
केर्तू पलीकडून म्हणाली, 'नावाच्या शेवटी स्पेस असेल,
माझा त्यात एकदा आख्खा मंगळवार गेलाय.'
नव्हती.

आमच्या भाषेत बर्फाला 'यॅऽ' म्हणतात.
इनमिन तीन अक्षरं,
त्यातल्या दोघांच्या डोक्यावर दोन दोन टिंबं.
वैतागून शेवटी नावाची लांबी विचारली.
मी टाइप केलेलं: तीन.
डिस्कवरचं: पाच.
पडद्यावर दोघं जुळे, तीळसुद्धा त्याच जागी.

वहीतले आकडे हाइनोनं उतरवले होते मुलीच्या जुन्या मॅकवर,
आणि ते यंत्र अक्षर वेगळं ठेवायचं, टिंबं वेगळी,
जसा कुणी घरात शिरताना
टोपी काढून खुंटीला लावतो.
माझ्या कीबोर्डाची टोपी डोक्यालाच शिवलेली.

एक ओळ वाढवली: सगळी नावं आधी एकाच घडीत बसव.
उघडला.
हिवाळे सरसर उतरू लागले पडद्यावर,
अठ्ठेचाळीस, एक्कावन्न, त्रेपन्न सेंटिमीटर,
आणि चारशे बाराव्या ओळीशी धाडकन थांबले.
'याचा आकडा करता येत नाही.'

जाडीच्या रकान्यात हाइनोनं लिहिलं होतं:
गेलो नाही. लाइने म्हणाली, आज बर्फ बोलतोय.

'उघडली का?' केर्तूनं कोट चढवत विचारलं.
म्हटलं, हो.

दुरुस्ती दोन मिनिटांची आहे:
आकडा नसेल तर ओळ ओलांडून पुढे जा.
कर्सर लुकलुकतोय.
पाच वाजून गेले,
अजून लिहिलेली नाही.