नऊ बोटं

रुवीत जूनमध्ये गीझर बंद ठेवतात.
गच्चीवरची टाकी तापते, गार नळाला चटका बसतो,
आणि गरम नळाला येतं ते निवलेलं, घरात मुरलेलं पाणी.
नवीन माणसाला हे आधी सांगावं लागतं:
अंघोळ उलट्या नळाने करायची.
मला हेरंबने सांगितलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी,
टॉवेल खांद्यावर टाकून,
आपणच शोध लावल्याच्या थाटात.

आज फ्लॅट सोडायचाय.
मालकाच्या कागदावर लिहिलंय, भिंती होत्या तशा करून द्या,
नाहीतर डिपॉझिटमधून कापू.
होत्या तशा.
चितगावचा शफीकुल सकाळपासून रंगवतोय.
खिळ्यांची भोकं लांबीने बुजली,
मखराच्या टेपचे ओरखडे गेले,
इंद्रनीलच्या तापात रात्र रात्र जिथे मी डोकं टेकलं
तो तेलकट गोल एका हातात गेला.
मग स्वयंपाकघराच्या दाराशी ब्रश थांबवून विचारतो,
"दीदी, ये भी?"

चौकटीवर ऊर्वी आहे.
खाली हिरव्या शाईत, ड्राफ्ट्समनच्या ताठ अक्षरात,
एक वर्ष, दोन, तीन, चार.
प्रत्येक रेघेला बाण, तारीख, सेंटिमीटर.
हेरंब भांडायचाही तसाच, तारीखवार.
मग कोरं लाकूड.
मग सहाव्या वर्षापासून पेन्सिल, वाकडी, घाईची:
प्रभंजनची.
पोरगी टाचा उचलते हे दिसत असूनही
तिथेच मारलेली रेघ.
आणि शेजारून इंद्रनील सुरू होतो, अगदी खालून,
हिरव्या रेघांना खेटून.

मधलं कोरं लाकूड आज मी मोजलं.
नऊ बोटं.

त्या दोन वर्षांत हेरंब दोह्याला गेला.
कागद झाले. मी लॅबमध्ये रात्रपाळ्या मागून घेतल्या.
समोरच्या सूसम्माकडे पोर झोपायची
आणि सकाळी मलाच मल्याळममध्ये उठवायची.
एकदा लबनची बाटली सांडली म्हणून मी तिला मारलं.
शंभर बैशांची बाटली.
तिला आठवत नाही म्हणते.
मी तीनदा विचारलंय.

तरी ती वाढली, नऊ बोटं,
कुणी भिंतीला उभं न करता,
कुणी डोक्यावर पट्टी न ठेवता.
ती जागा रिकामी आहे असं मी इतकी वर्षं समजत होते,
तिथे कॅलेंडर लावायचे,
पाहुणे आले की कॅलेंडर नीट करायचे.

प्रभंजन स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.
"चौकट काढूनच नेऊ. कापू दे त्याला काय कापायचंय ते."
"हिरव्यासकट?"
"मग काय करवतीने अर्धी करू?"
आणि खरंच गुडघ्यावर बसून स्क्रू शोधायला लागला.
चौकटीला स्क्रू नसतात. भिंतीत रुतलेली असते ती.
हे त्याला कळेपर्यंत मी चहा टाकला.

शफीकुलला म्हटलं, "हाँ भैया, ये भी."
पेन्सिल पहिल्या हातातच गेली, गरीब बिचारी.
हिरवी शाई मात्र पांढऱ्यातून वर यायला लागली,
दुसरा हात, तिसरा हात,
फुटक्या शेवाळासारखी.
ऊर्वीने फोनमध्ये फोटो काढला आणि विचारलं,
"आई, माझे बाबा डावखुरे होते का गं?"
अठरा वर्षांत पहिल्यांदा.
मी हो म्हटलं.
आणखी काही विचारेल म्हणून मी कप हातात धरून उभी राहिले.
तिने खोके चिकटवायला घेतले.

संध्याकाळी मगरिबच्या अजानीनंतर
नवे भाडेकरू जागा बघायला आले.
नवरा-बायको, आणि तिच्या कडेवर झोपलेलं एक.
ऊर्वी त्यांना न्हाणीघरात घेऊन गेली.
"उलट्या नळाने करायची अंघोळ," ती सांगत होती,
एक भुवई वर करून,
आपणच शोध लावल्याच्या थाटात.

डिपॉझिटमधून वीस रियाल कापले.
हिरव्याचे.