अर्थ कुठं दिलाय

उद्यमनगरात, लेथच्या दोन दुकानांमधल्या बोळात
दस्तगीर शिकलगार माझ्या अल्टोच्या डॅशबोर्डखाली
उताणा झोपलाय.
बाहेर फक्त त्याच्या चपला, आणि चपलांतले पाय.

तक्रार मी लिहूनच आणली होती, सवयीनं, मुद्द्यांसह:
टेप नवा. स्पीकर चार. लक्ष्मीपुरीत बसवून घेतला.
सीटखाली ॲम्प्लिफायर, तो दुकानदाराच्या आग्रहाखातर.
गाडी बंद असताना गाणं स्वच्छ.
इंजिन चालू केलं की एक बारीक सुई
सुंईंईं करत कानात शिरते,
ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो,
सोडला की उतरतो.
तावडे हॉटेलपर्यंत कसंबसं चालतं, पुढं हायवेला
गाणारी बाई आणि ती सुई,
कोण कुणाला साथ करतंय कळत नाही.

कागद त्यानं वाचला नाही. त्यानं कपाळ पुसलं.
म्हणाला, म्याडम, रेस करा.
केली.
सोडा.
सोडली.
परत.
एकतीस वर्षं मी पोरांना हेच करायला लावलं.
म्हणा. परत म्हणा.

एरियलची वायर उपटली, आवाज तसाच.
फिल्टर लावून बघितला, तीनशे रुपयांची डबी.
सुई जरा बोथट झाली, गेली नाही.
"गोळीनं ताप उतरतोय, दुखणं आत हाय,"
म्हणत डबी काढून त्यानं परत खोक्यात घातली.
हे मला आवडलं.

मग स्टिअरिंगच्या खालून प्रश्न आला:
"ह्याला अर्थ कुठं दिलाय?"

मी दचकले.
वह्यांच्या समासात लाल शाईनं
हा प्रश्न मी किती हजार वेळा लिहिला असेन.
मला कुणी विचारला नव्हता.

"दिलाय की, पर रंगावर दिलाय."
पट्टीला स्क्रू, स्क्रूखाली वॉशर,
वॉशरखाली कंपनीचा गुळगुळीत करडा रंग
आणि त्याच्याही खाली कुठंतरी पत्रा.
"रंगावर अर्थ लागत न्हाई, म्याडम.
लागल्यागत दिसतो."
पॉलिश पेपरनं तो नखाएवढी जागा खरवडत राहिला,
पांढरी लख्ख होईपर्यंत.
मला माझी निरोपसमारंभांतली भाषणं आठवली.
सगळी.

"आन् ह्या दोघी बगा."
बॅटरीची जाड लाल आणि गाण्याची बारीक काळी,
चिकटपट्टीनं गळ्यात गळा.
"शेजार बाधतोय."
एकीला ड्रायव्हरच्या बाजूनं नेली,
दुसरीला क्लीनरच्या.
अल्टोला क्लीनर नसतो, हे मी बोलले नाही.

ओंक्या चहा घेऊन आला, कपाला ग्रीसचा अंगठा.
दीड तास झाला होता.
दस्तगीर उठून बसला, पाठीला खडे चिकटलेले.
"करा रेस."

काही नाही.
परत, जोरात.
काहीच नाही.
गाण्याच्या दोन ओळींच्या मध्ये
ती बाई श्वास घेते, हे मला पहिल्यांदा ऐकू आलं.

बोळातून एक चक्कर मारायला निघाले
तर डाव्या चाकातून
खर्रर्र.
थांबून खर्रर्र.

"हे काय आता?"
मान कलती करून त्यानं ऐकलं,
हुशार पोरगं तोंडी परीक्षेत ऐकतं तसं.
"बेरिंग गेलंय. आधीपासनंच वाजत असणार,
त्या सुंईंईंनं झाकलं हुतं."
"मग?"
"त्यो माझा विषय न्हाई.
फुडच्या बोळात सावंता मिस्त्री."

पैसे दीडशे.
फिल्टरचे विचारले तर म्हणाला,
लावलाच न्हाई, त्येचं कसलं पैसं.
कागद मात्र आठवणीनं परत दिला.
घामानं वरचे मुद्दे विरघळून गेले होते.
खाली नवा मुद्दा मी बोनेटवर कागद ठेवूनच लिहिला,
आणि पहिल्या गिअरमध्ये, काच खाली करून,
ऐकत ऐकत
सावंता मिस्त्रीकडं निघाले.